मंत्र्यांचं विज्ञान आणि साबुदाण्याच्या गोळ्या

मोगरा_डोंबिवली

दिवाळीची आवराआवर चालू आहे. हॉलमधल्या कपाटात एक खण असतो बघा, बंद पडलेली घड्याळं, कुठल्या टीव्हीचा ते आठवत नाही असा रिमोट, लग्नपत्रिका, सगळं तिथेच जातं. त्या खणात काल एक पांढरी प्लास्टिकची डबी सापडली. करंगळीएवढी. आत साबुदाण्याच्या गोळ्या, निम्म्या एकमेकींना चिकटून त्यांचं ढेकूळ झालेलं. डबीला लेबल आहे आणि लेबलवर आमच्या तेव्हाच्या नगरसेवकांचा फोटो. हात जोडलेले, मास्क हनुवटीखाली. औषधाचं नाव फोटोच्या खाली, मुंगीच्या अक्षरात: 'आर्सेनिकम अल्बम ३०'.

जून २०२० मधली गोष्ट. वॉचमन प्रत्येक मजल्यावर येऊन "घरात माणसं किती?" विचारून डब्या देत होता. तीन दिवस सकाळी अनशापोटी घ्यायच्या, महिन्याने परत. सासूबाईंनी त्या आधी देवासमोर ठेवल्या, मग आम्हाला दिल्या. मीही घेतल्या. तेव्हा कोणी काहीही दिलं असतं तरी घेतलं असतं, हे कबूल करून टाकते.

डबी हातात घेऊन बसले आणि म्हटलं, हे आलं कुठून ते शोधू. तर केंद्राच्या आयुष मंत्रालयाने या गोळ्यांचा सल्ला दिला तो २९ जानेवारी २०२० ला. भारतातला पहिला कोरोना रुग्ण केरळमध्ये सापडला ३० जानेवारीला. म्हणजे देशात रोगी सापडायच्या आदल्या दिवशी आपल्याकडे त्यावरचं औषध ठरलं होतं!

मग पुढचं आठवत गेलं. एप्रिल २०२० मध्ये तेव्हाचे आयुष राज्यमंत्री श्रीपाद नाईक यांनी गोव्यात पत्रकारांना सांगितलं की इंग्लंडचे युवराज चार्ल्स आयुर्वेद आणि होमिओपॅथीने बरे झाले, बंगळुरूच्या एका डॉक्टरांनी आपल्याला तसं फोनवर कळवलं. लंडनहून युवराजांच्या कार्यालयाने लगेच खुलासा केला: माहिती चुकीची आहे, त्यांनी तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला पाळला, बाकी काही नाही. ऑगस्टमध्ये नाईकसाहेब स्वतः पॉझिटिव्ह आले, आधी घरीच होते, मग ऑक्सिजन कमी झाला म्हणून रुग्णालयात हलवलं, दिल्लीहून एम्सचे डॉक्टर आले. बरे झाले, चांगलंच झालं. माझं म्हणणं एवढंच की तेव्हा कोणी डबी घेऊन आलं नाही.

मी आजवर समजत होते की हा सगळा अडाणीपणा. आता तसं वाटत नाही. १९ फेब्रुवारी २०२१ ला पतंजलीच्या कोरोनिल गोळीच्या कार्यक्रमात व्यासपीठावर गडकरींच्या बरोबर बसलेले आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन हे कान-नाक-घसा तज्ज्ञ. जागतिक आरोग्य संघटनेचं नाव त्या गोळीला जोडलं गेलं आणि त्याच दिवशी संघटनेला सांगावं लागलं की कोविडवरच्या कुठल्याही पारंपरिक औषधाला आम्ही प्रमाणपत्र दिलेलं नाही. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाच्या औरंगाबादेत येऊन "माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला नाही, डार्विन चूक" असं सांगणारे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह रसायनशास्त्र शिकलेले, शिवाय मुंबईचे माजी पोलीस आयुक्त. डोळ्यांदेखत खून पाहिलेला साक्षीदार नसेल तर तपास बंद, अशी पद्धत होती का तेव्हा आयुक्तालयात? विज्ञानाच्या तिन्ही राष्ट्रीय अकादम्यांनी एकत्र निवेदन काढलं, तेव्हा कुठे वरिष्ठ मंत्र्यांनी त्यांना आवरलं.

म्हणजे पदवीचा इथे संबंध नाही. मला वाटतं संबंध खर्चाचा आहे. या गोळ्या जवळजवळ फुकट पडतात, ऑक्सिजनचा बेड पडत नाही. आणि डबीवर फोटो चिकटवता येतो.

तुमच्याकडे काय वाटलं होतं? आणि नेत्यांना हे खरंच पटलेलं असतं का?

खवचट पेठकर

धागा छान. एक दुरुस्ती: फोटो ऑक्सिजनच्या सिलिंडरवरही चिकटवता येतो आणि रुग्णवाहिकेवर तर दोन्ही बाजूंनी येतो. आमच्या प्रभागात शववाहिनीवर पण होता. हात जोडलेलाच.

फार्मसीतला काका

ताई, तीस वर्षं काउंटरवर उभा आहे म्हणून '३०' चा अर्थ सांगतो. मूळ पदार्थाचा एक भाग, ९९ भाग पाणी-अल्कोहोल, झटके देऊन हलवा. त्यातला एक भाग घ्या, परत ९९ भाग. असं तीस वेळा. शेवटी एकास एकावर साठ शून्यं एवढं पातळ होतं. आता अकरावीतला अव्होगाड्रो आठवा, सहावर तेवीस शून्यं. बाराव्या पायरीलाच मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरला तर उरला. पुढच्या अठरा पायऱ्या पाण्यात पाणी.

रात्री दुकान बंद केल्यावर हिशेब केला. रेणूला रेणू धरला, तर आर्सेनिकचा एक रेणू पोटात जायला साधारण पंधरा हजार सूर्यांच्या वजनाइतकं पाणी प्यावं लागेल. अनशापोटी.

म्हणून 'आर्सेनिक आहे, विष आहे' असं घाबरवणारे मेसेज तेव्हा फिरत होते, तेही चूकच. विष असायलाही काहीतरी असावं लागतं.

दुसरं, लेबल नीट बघा. होमिओपॅथीच्या औषधालाही बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि बॅच क्रमांक छापणं कायद्याने लागतं. आहे का काही?

मांडवीकाठ

गोव्यातून लिहिते. श्रीपादभाऊंबद्दल इथे कोणी वाईट बोललेलं मला रुचत नाही, माणूस साधा आहे. फोनवर कोणी डॉक्टर काही सांगतो आणि मंत्री ते तसंच्या तसं पत्रकारांना सांगतो, यात लबाडी कमी, भाबडेपणा जास्त. पण मंत्र्याला भाबडं असायची मुभा असावी का, हा प्रश्न आहेच.

आणि हे फक्त गोळ्या-काढ्यांपुरतं धरू नका. १० मे २०२१ ला आमच्या आरोग्यमंत्र्यांनी, विश्वजित राणे यांनी, जाहीर केलं की अठरा वर्षांवरच्या प्रत्येकाने आयव्हरमेक्टिन घ्यायचं, १२ मिलिग्रॅम, पाच दिवस. कोविड असो नसो. हे जंतावरचं औषध, अ‍ॅलोपॅथीचंच. जागतिक आरोग्य संघटनेच्या तेव्हाच्या मुख्य शास्त्रज्ञ सौम्या स्वामीनाथन यांनी लगेच सांगितलं की चाचण्यांच्या बाहेर हे वापरू नका. बनवणाऱ्या मूळ कंपनीने तर फेब्रुवारीतच सांगितलं होतं की कोविडवर उपयोग होतो असं म्हणायला आधार नाही. आपलं औषध खपवू नका म्हणणारी कंपनी कधी पाहिलीय?

त्याच आठवड्यात आमच्याकडे ऑक्सिजन कमी पडतो म्हणून उच्च न्यायालयात सुनावण्या चालल्या होत्या. मोगराताई, तुमचं 'गोळी फुकट पडते' हे मला इथे पटतं. बाकी आमच्या वाड्यावर आयव्हरमेक्टिन, काढा आणि साबुदाण्याच्या गोळ्या तिन्ही एकाच घरात घेतल्या जात होत्या. कशाचा गुण आला म्हणायचं ते ठरायचं होतं अजून, तोवर लाट ओसरली.

सह्याद्रीचा वारा

आला का पुन्हा तोच सूर. आपल्या परंपरेला नावं ठेवली की बुद्धिवादी झालो. होमिओपॅथी तर जर्मनीची, तिला का आपली म्हणायचं हे वेगळं, पण आयुर्वेद पाच हजार वर्षं टिकला तो काय उगाच? रेमडेसिव्हिर, प्लाझ्मा, हे सगळं 'शास्त्रीय' म्हणून लोकांना काळ्या बाजारात घ्यायला लावलं, त्यावर धागा काढा. इंग्रजांच्या देशात कोणी हे बोललं असतं तर तुम्ही त्याला मोकळ्या मनाचा म्हटलं असतंत.

लेस्टरची थंडी

@सह्याद्रीचा वारा, इंग्रजांच्या देशात बोलले की. माझ्या घरापासून अर्ध्या तासावर बॉसवर्थ मतदारसंघ आहे. तिथे १९८७ ते २०१९ डेव्हिड ट्रेडिनिक नावाचे हुजूर पक्षाचे खासदार होते. २००९ मध्ये खासदारांच्या खर्चाची भानगड बाहेर आली, तेव्हा कळलं की यांनी ज्योतिषाच्या सॉफ्टवेअरचे सातशेहून जास्त पौंड सरकारी खर्चात लावले होते. परत केले नंतर. त्याच वर्षी संसदेत म्हणाले की पौर्णिमेला रक्त नीट गोठत नाही म्हणून सर्जन ऑपरेशन टाळतात. माझी आजी अमावस्येला नखं कापू देत नसे, पण ती आरोग्य समितीवर नव्हती. हे होते! आरोग्य समितीवर आणि नंतर विज्ञान-तंत्रज्ञान समितीवरही.

पण पुढचं ऐका, ते जास्त महत्त्वाचं. त्याच विज्ञान समितीने, हे तिच्यावर यायच्या आधी, होमिओपॅथीची सुनावणी घेतली. बाजूचे, विरोधातले, सगळे बोलावले. फेब्रुवारी २०१० मध्ये निष्कर्ष काढला की परिणाम नुसत्या दिलाशापेक्षा जास्त नाही, सरकारी पैसा बंद करा. सरकारने काय केलं? जुलैमध्ये उत्तर दिलं की रुग्णाला निवडीचं स्वातंत्र्य आहे, स्थानिक डॉक्टर ठरवतील. आपल्याकडे 'बघू, करू' म्हणतात तेच, इस्त्री करून. दोन वर्षांनी आरोग्यमंत्री झालेल्या जेरेमी हंट यांची तर होमिओपॅथी रुग्णालयांच्या बाजूच्या २००७ च्या ठरावावर सही होती.

शेवटी २०१७ मध्ये इथल्या आरोग्यसेवेने डॉक्टरांना सांगितलं की हे लिहून देऊ नका. होमिओपॅथीवाले कोर्टात गेले, २०१८ मध्ये हरले. बंद होताना वर्षाला खर्च किती उरला होता? सुमारे ९२ हजार पौंड. एवढ्यात लंडनमध्ये एक गॅरेज येईल कदाचित.

आठ वर्षं लागली, पण एक जागा होती जिथे बसून कोणीतरी 'पुरावा दाखवा' असं विचारू शकत होतं आणि ते लिहून ठेवलं गेलं.

तालुक्याचा डॉक्टर

मी बीएचएमएस, म्हणजे होमिओपॅथीचा डॉक्टर. मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावात बावीस वर्षं दवाखाना. वरचे पंधरा हजार सूर्य वाचून हसलो, राग नाही. अव्होगाड्रो आम्हालाही अकरावीला होता हो काका. मला जे पेशंट दिसतात त्यांना गुण येतो असा माझा अनुभव आहे, त्यावर इथे भांडत नाही.

पण तुम्ही सगळे शहरातून लिहिताय म्हणून एक चित्र देतो. सोमवारचा बाजार. सकाळी साडेनऊला बाकावर अकरा माणसं. एक म्हातारी, तीन दिवसांचा ताप. एक पोरगा, फवारणी करताना चक्कर आली. एक बाई, बाळाला जुलाब. सर्वांत जवळचा एमबीबीएस डॉक्टर अठ्ठावीस किलोमीटरवर आणि तो दोन वाजता निघतो. या लोकांना मी काय देतो असं तुम्हाला वाटतं? तापाला पॅरासिटामॉल, जुलाबाला मीठ-साखरेचं पाणी, फवारणीवाल्याला गाडीत घालून जिल्ह्याला. साबुदाण्याच्या गोळ्या दुपारनंतर, त्वचेच्या आणि संधिवाताच्या पेशंटला, ज्यांना घाई नाही.

सरकारला हे माहीत नाही? चांगलं माहीत आहे. म्हणूनच २०१४ मध्ये कायदा बदलून एक वर्षाचा औषधशास्त्राचा कोर्स, सीसीएमपी, काढला आणि आम्हाला अ‍ॅलोपॅथी लिहायची वाट करून दिली. मी केला तो कोर्स. २०२५ मध्ये मेडिकल कौन्सिलमध्ये आमची नोंदणी करायची म्हटल्यावर आयएमएने, म्हणजे अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरांच्या संघटनेने, १८ सप्टेंबरला संप केला. दोन्ही बाजूंनी आम्हालाच झोडपलं: होमिओपॅथी खरी असेल तर अ‍ॅलोपॅथी कशाला हवी, आणि खोटी असेल तर डॉक्टर का म्हणायचं. मुद्दा बरोबर आहे, मी नाकारत नाही. पण नेत्यांचं आमच्यावरचं प्रेम हे होमिओपॅथीच्या जनकावरचं, हॅनेमनवरचं प्रेम नाही. एमबीबीएस खेड्यात येत नाही, आम्ही येतो आणि स्वस्तात येतो, एवढंच. १०८ च्या गाडीत रात्री अडीच वाजता आमच्याकडे बसलेला असतो तो बीएएमएसच, आयुर्वेदाचा डॉक्टर असतो. त्या वेळी त्याची पॅथी कोणी विचारत नाही.

फार्मसीतला काका

डॉक्टर, हे मान्य. टोमणा मागे घेत नाही पण चहा माझ्याकडून.

जोबर्ग रिटर्न

मोगराताईंच्या 'फुकट पडते' या म्हणण्याला माझा विरोध आहे, आणि कारण असं की मी २००४ ते २००८ कंपनीच्या कामाने जोहान्सबर्गला होतो. तिथे उलटं घडलं. औषध फुकट मिळत होतं आणि सरकार घेत नव्हतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. थाबो म्बेकी १९९९ ला राष्ट्राध्यक्ष झाले. अर्थशास्त्र शिकलेले, इंग्लंडात, वाचनाचं प्रचंड वेड. रात्र-रात्र इंटरनेटवर बसून त्यांनी एड्स एचआयव्हीमुळे होतो हेच अमान्य करणाऱ्यांचं लिखाण वाचलं आणि त्यांना पटलं. त्या मंडळींना थेट राष्ट्राध्यक्षांच्या सल्लागार गटात बसवलं. जुलै २००० मध्ये डर्बनला जागतिक एड्स परिषद भरली, तिच्या आधी पाच हजारांवर शास्त्रज्ञांनी सह्या करून जाहीरनामा काढला की एड्सचं कारण एचआयव्हीच. उद्घाटनाच्या भाषणात म्बेकी गरिबीवर बोलले. गरिबीचं खोटं नव्हतंच काही. त्याच कार्यक्रमात एन्कोसी जॉन्सन नावाचा अकरा वर्षांचा, जन्मापासून बाधित मुलगा बोलला. वर्षभरात गेला तो.

आईकडून बाळाला होणारी लागण कमी करणारं नेव्हिरॅपिन कंपनी पाच वर्षं फुकट द्यायला तयार होती. सरकारने ते प्रत्येक प्रांतात दोन-दोन ठिकाणी 'प्रयोगापुरतं' ठेवलं. रुग्णांच्या संघटनेला घटना न्यायालयात जावं लागलं, ५ जुलै २००२ ला निकाल लागला, तेव्हा दार उघडलं. आणि इथे आपल्या मुंबईचा संबंध येतो. फेब्रुवारी २००१ मध्ये सिप्लाचे युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरला देऊ केला. त्याआधी तोच दहा-पंधरा हजार डॉलरला पडत होता. म्हणजे दिवसाला एक डॉलरहून कमी. मुंबईची कंपनी द्यायला तयार, आफ्रिकेतलं श्रीमंत सरकार घ्यायला नाही.

आरोग्यमंत्री होत्या मान्टो त्शबालाला-म्सिमांग. त्या काय सांगायच्या? बीट, लसूण, लिंबू, ऑलिव्ह तेल. २००६ मध्ये टोरांटोच्या एड्स परिषदेत देशाच्या अधिकृत स्टॉलवर बीट, लसूण आणि लिंबं मांडून ठेवली होती. आमच्या ऑफिसातले स्थानिक सहकारी टीव्हीसमोर मान खाली घालून बसले होते. आणि बाई कोण? एमबीबीएसच्या तोडीच्या डॉक्टर, लेनिनग्राडला शिकलेल्या. मार्च २००७ मध्ये त्यांचं यकृत बदलावं लागलं. शस्त्रक्रिया झाली, जोहान्सबर्गलाच, आधुनिक रुग्णालयात, व्यवस्थित. बिटाचा तिथे काही उपयोग नव्हता.

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दर एक-दोन आठवड्यांनी शनिवारची सुट्टी मागायच्या. तिथे अंत्ययात्रा शनिवारी असतात, लांबचे नातेवाईक येतात म्हणून. सुरुवातीला मला वाटलं बाई कामचुकार आहे. मग एकदा त्यांना सोडायला वस्तीत गेलो. एका रस्त्यावर तीन मांडव होते. मांडव म्हणजे आपल्याकडे लग्नाला घालतात तसेच, पांढरे-निळे. मी विचारलं, काय झालं होतं? म्हणाल्या, "छाती." तिघांनाही छातीच. वय विचारायचं धाडस झालं नाही.

२००८ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी हिशेब मांडला: औषधं वेळेवर न दिल्याने ३ लाख ३० हजारांहून जास्त माणसं गेली आणि ३५ हजार बाळं लागण घेऊन जन्माला आली. शेजारच्या बोट्स्वानाने आणि नामिबियाने त्याच काळात औषधं दिली होती, त्यांच्याशी तुलना करून काढलेला आकडा आहे.

कशासाठी केलं? पैसा नाही, मतंही नाहीत. मला वाटतं अपमान. वर्णभेदाच्या राजवटीने काळ्या माणसाला घाणेरडा, रोगट म्हटलं, त्याच जगातले गोरे शास्त्रज्ञ आता सांगताहेत की हा रोग तुमच्यात सर्वांत जास्त. ते ऐकायचं नव्हतं. औषध त्यांचं म्हणून नको. @सह्याद्रीचा वारा, तुमचा प्रतिसाद वाचून म्हणूनच अंगावर काटा आला. टोमणा नाही मारत. तुम्ही जो स्वाभिमान म्हणता तो मला समजतो. मी त्याचे मांडव पाहिलेत.

सह्याद्रीचा वारा

वाचलं. मांडवांचं माहीत नव्हतं. तरी सांगतो, लसूण खाण्यात आणि परंपरेचा आदर ठेवण्यात गैर नाही. गैर ते औषध अडवण्यात आहे. हे दोन वेगळे.

वैद्यबुवा नव्हे

@सह्याद्री, याच वाक्यासाठी थांबले होते. मी आयुर्वेदाची एमडी आहे आणि दर वेळी अशा धाग्यात आम्हाला साबुदाण्याबरोबर एकाच पोत्यात भरतात याचा कंटाळा आलाय.

सर्पगंधा घ्या. पिढ्यान्‌पिढ्या वापरातली मुळी. १९४९ मध्ये मुंबईच्या केईएमचे डॉ. रुस्तम वकील यांनी ती रक्तदाबाच्या पन्नास रुग्णांना देऊन, आकडे मोजून, निबंध ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात छापला. जग हललं. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं, रक्तदाबावरच्या पहिल्या धड औषधांपैकी एक. आणि मोजलं म्हणूनच हेही कळलं की त्याने काही रुग्णांना नैराश्य येतं. चीनमध्ये १९६७ साली सरकारने हिवतापावर औषध शोधायला गुप्त प्रकल्प काढला, जुन्या ग्रंथातल्या वनस्पतीवरून तू यूयू यांनी आर्टेमिसिनिन शोधलं, २०१५ चं नोबेल. तिथेही राजकीय पाठिंबाच होता की. पण पाठिंबा शोधायला होता, 'सापडलंच आहे' म्हणायला नव्हता.

आम्हाला मंत्रालय मिळालं २०१४ ला. मला हवी होती ती प्रयोगशाळा, मोजमाप, आणि चार औषधं निकामी निघाली तर तसं म्हणायची मुभा. मिळाला योगदिनाचा टी-शर्ट. कोरोनिलमुळे सर्वांत जास्त नुकसान कोणाचं झालं असेल तर आमचं. आता पेशंट येतो आणि डोळा मारून विचारतो, "मॅडम, हे पण तसलंच का?"

खवचट पेठकर

पुण्याचा संबंध कोणीच आणला नाही, म्हणून भाग पडतंय. १९०९ साली गांधीजींनी लिहून ठेवलं की दवाखाने ही पाप वाढवणारी ठिकाणं. १९२४ च्या जानेवारीत येरवड्यात असताना अपेंडिक्सने पोट धरलं. १२ तारखेच्या रात्री ससूनमध्ये कर्नल मॅडॉक यांनी ऑपरेशन केलं. मध्येच वीज गेली, कंदिलावर पुरं केलं म्हणतात. (पुण्यात वीज जाण्याची परंपरा जुनी आहे.) नंतर डॉक्टरांचे आभारही मानले मनापासून. पण १९४४ ला आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबांसाठी पेनिसिलिन आणलं, तेव्हा शेवटच्या घडीला सुया टोचून हाल नकोत म्हणून नको म्हणाले. दोन वर्षांनी उरुळी कांचनला निसर्गोपचार आश्रम. या माणसाला कुठल्या खान्यात टाकायचं ते मला पन्नास वर्षांत जमलेलं नाही.

मोरारजी सोपे. स्वतःचं स्वतः प्यायचे आणि अमेरिकेच्या टीव्हीवर उघड सांगायचे. घरोघर बाटल्या वाटल्या नाहीत, हे उपकार.

संपादक मंडळ

'शिवांबू' या विषयावर आलेले सहा प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. धागा आरोग्य सदरात आहे, जेवणाच्या वेळी लोक वाचतात.

मोगरा_डोंबिवली

एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. फराळाचं एका हाताने, हे एका हाताने.

@जोबर्ग रिटर्न, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचून दाखवला, नंतर बराच वेळ कोणी बोललं नाही. 'खर्चाचा संबंध' हे मी घाईत लिहिलं, मान्य. कुठे खर्च, कुठे मानापमान, कुठे डॉक्टरच नाही म्हणून. चकलीसारखं आहे, तोंड कुठलं सापडत नाही. @तालुक्याचा डॉक्टर, तुमच्या बाजाराच्या दिवसाबद्दल वेगळा धागा काढाच.

आता @फार्मसीतला काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर. सासूबाईंचं भिंग घेऊन लेबल वाचलं. बनवणारा: नाही. परवाना क्रमांक: नाही. बॅच: नाही. तारीख: नाही. आहे ते असं: साहेबांचं नाव, त्यांच्या सौभाग्यवतींचं नाव (पुढच्या वेळी प्रभाग महिलांसाठी राखीव होईल म्हणून असावं), 'घरी राहा, सुरक्षित राहा', आणि जनसंपर्क कार्यालयाचा मोबाईल नंबर.

म्हटलं लावून तर बघू. एका मुलाने उचलला. मी काही बोलायच्या आत म्हणाला, "टँकरसाठी का?" मी म्हटलं, नाही हो, २०२० मध्ये तुम्ही गोळ्या वाटल्या होत्या, त्या कोणी बनवल्या होत्या ते हवं होतं. तो थोडा वेळ गप्प. मग मागे कोणाला तरी विचारलेलं ऐकू आलं. परत येऊन म्हणाला, "ताई, साहेब आता त्या पक्षात नाहीत. गोळ्यांचं जुन्या ऑफिसला विचारावं लागेल. टँकरचं असेल तर नाव सांगा, लिहून घेतो."

आमच्या विंगला चार दिवस पाणी कमीच येतंय. नाव दिलं.